साखरेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला पहिल्याच भेटीत काय ऐकावे लागते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जेवणावर ताबा ठेवा, वजन उतरवा, रोज चाला, साखर तपासत राहा, पायांना जपा. हा उपदेश इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीकाळी कुणाला तरी झगडून रुजवावा लागला असेल, हे आपल्या मनातही येत नाही. त्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत बोस्टनचे डॉ. एलियट प्रॉक्टर जोस्लिन यांचे नाव अग्रभागी आहे.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावी झाला. वडिलांचा पादत्राणांचा कारखाना होता, घरी सुबत्ता होती. येल विद्यापीठातून १८९० मध्ये पदवी घेऊन त्यांनी १८९५ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. विद्यार्थिदशेतच, १८९३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी मेरी हिगिन्स नावाची एक आयरिश तरुणी तपासली. मधुमेहाने ती खंगत चालली होती. तिची हकिकत त्यांनी व्यापाऱ्याच्या खतावणीसारख्या एका वहीत टिपून ठेवली. पुढे प्रत्येक रुग्णाचे वजन, आहार, लघवीतील साखर आणि अखेरीस मृत्यूचे कारण त्या वह्यांत नोंदले जाऊ लागले. एका माणसाच्या हिशेबी स्वभावातून मधुमेहाच्या माहितीचा केवढा मोठा साठा उभा राहिला, याला वैद्यकाच्या इतिहासात फारशी तोड नाही.

या वहीच्या सुरुवातीच्या पानांत त्यांच्या आईचीही नोंद झाली. १९०० च्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांना मधुमेह असल्याचे आढळले. तेव्हा इन्शुलिनचा शोध लागायचा होता, गोळ्या तर स्वप्नातही नव्हत्या. मुलाच्या हाती होते ते एवढेच: पिष्टमय आणि गोड पदार्थांवर काटेकोर बंधन, वजनावर लक्ष आणि लघवीची वारंवार तपासणी. या पथ्यावर आई १९१३ पर्यंत, म्हणजे तब्बल तेरा वर्षे जगल्या. मधुमेहापुढे बहुतेक वैद्य हात टेकत असत, अशा काळात ही गोष्ट लहान नव्हती. जोस्लिन यांच्या पुढच्या सगळ्या हट्टाचे मूळ या तेरा वर्षांत असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

मात्र तेच पथ्य बालरुग्णांच्या बाबतीत फसत होते. उतारवयातल्या मधुमेहात स्वादुपिंड थोडेफार इन्शुलिन तयार करत असते. आहारातला भार हलका केला, शरीरावरची चरबी उतरवली, तर तेवढ्या इन्शुलिनवरही काम भागू शकते. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात मात्र इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात. तिथे आहार कितीही घटवला तरी मरण पुढे ढकलले जाते, टळत नाही. ही कारणमीमांसा त्या काळी कुणाला ठाऊक नव्हती. मुलांच्या नावापुढे लवकरच मृत्यूची तारीख लिहावी लागते, एवढे मात्र वही सांगत होती.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉ. फ्रेडरिक अॅलन यांनी १९१४ च्या सुमारास उपासाचा उपचार पुढे आणला. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत उपास, मग अत्यल्प आहार. जोस्लिन यांनी तो स्वीकारला. १९१६ मध्ये एक हजार रुग्णांच्या अनुभवावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि १९१८ मध्ये खास रुग्णांच्या हाती देण्यासाठी मार्गदर्शिका काढली. रुग्णाला त्याच्या आजाराचे शास्त्र समजावून सांगायचे, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. लघवीतली साखर घरी कशी तपासावी, अन्न तराजूवर तोलून कसे घ्यावे, हे रुग्ण शिकू लागले. परीक्षानळीतले निळे द्रावण गरम करून त्याचा रंग हिरवा झाला की विटकरी, हे श्वास रोखून पाहणारी वडीलधारी माणसे आपल्यापैकी काहींच्या घरीही होती. ती पद्धत त्याच परंपरेतली.

उपासाचा उपचार क्रूर होता, पण त्याने काहींना वेळ मिळवून दिला. डॉ. जॉर्ज मायनट यांना १९२१ मध्ये मधुमेह जडला. जोस्लिन यांच्या देखरेखीखाली कडक पथ्य पाळून ते इन्शुलिन मिळेपर्यंत तगले आणि घातक रक्तक्षयावरच्या यकृत-उपचाराबद्दल १९३४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

१९२१ मध्येच जोस्लिन यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एका गावातील शेजारशेजारच्या तीन घरांची कथा सांगितली होती. या घरांत एकामागून एक राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने दगावले होते. एखाद्या साथीच्या रोगाने इतके बळी घेतले असते, तर आरोग्य खाते खडबडून जागे झाले असते. मधुमेहाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, ही त्यांची तक्रार होती. लठ्ठपणा टाळला तर हा आजार पुष्कळ प्रमाणात रोखता येईल, असे ते तेव्हापासून सांगत राहिले.

टोरांटोमध्ये १९२१ साली लागलेला इन्शुलिनचा शोध जोस्लिन यांच्या दवाखान्यात ७ ऑगस्ट १९२२ रोजी पोहोचला. पहिले इंजेक्शन एका परिचारिकेला दिले गेले. पाच वर्षांच्या आजाराने आणि उपासमारीच्या पथ्याने तिचे वजन जेमतेम बत्तीस किलोवर आले होते. कित्येक महिने तिला घराबाहेर पडणेही जवळजवळ अशक्य झाले होते. दीड महिन्यात ती रोज चार मैल चालू लागली. ती पुढे आणखी पंचवीस वर्षे जगली.

आता पथ्याची कटकट संपली, असे अनेकांना वाटले. जोस्लिन यांना तसे वाटले नाही. आहार, व्यायाम आणि इन्शुलिन हे एका रथाचे तीन घोडे असून तिघांचाही लगाम रुग्णाच्याच हाती असला पाहिजे, ही प्रतिमा त्यांनी आयुष्यभर वापरली. नव्या रुग्णाला इस्पितळात ठेवून घेऊन ते शिकवीत. रुग्णांच्या घरी जाऊन पथ्यपाणी, सुई, पायांची निगा समजावून देणाऱ्या परिचारिका त्यांनी तयार केल्या. मधुमेहासह पंचवीस वर्षे गुंतागुंतीविना काढणाऱ्यांसाठी त्यांच्या संस्थेने पदकही ठेवले. इन्शुलिन मिळाल्यावर माणसे जगू लागली खरी, पण दहा-पंधरा वर्षांनी त्यांचे डोळे, मूत्रपिंडे, पाय निकामी होऊ लागले. ज्याची साखर सतत आटोक्यात, त्याचे नुकसान कमी, असे जोस्लिन यांचे मत होते. डॉ. एडवर्ड टॉलस्टॉय यांच्यासारख्या तज्ज्ञांना हे मान्य नव्हते. रुग्णाला बरे वाटत असेल आणि वजन टिकून असेल, तर लघवीतल्या साखरेचा बाऊ कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोज तराजू आणि परीक्षानळी यांच्यात जगणाऱ्या रुग्णांना हे दुसरे मत अर्थातच गोड वाटे. आणि निर्णायक पुरावा कुणाकडेच नव्हता.

जोस्लिन सर्वच बाबतीत बरोबर होते, असेही नाही. सुरुवातीच्या त्यांच्या आहारात पिष्टमय पदार्थ अत्यल्प आणि स्निग्ध पदार्थ फार असत. रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचे विकार पाहून त्यांनाच पुढे ते प्रमाण बदलावे लागले. त्यांच्या सांगण्यात धर्मोपदेशकाचा सूर असे. साखर वाढली म्हणजे रुग्णाने काही पाप केले, असा अर्थ त्यातून निघे, आणि तो सूर आजही अनेक दवाखान्यांत ऐकू येतो. आनुवंशिकतेचा वाटा केवढा मोठा असतो, हे माहीत असताना तरी तो थांबायला हवा.

२८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, जोस्लिन यांचे निधन झाले, तेव्हा तो वाद मिटलेला नव्हता. तो मिटायला आणखी एकतीस वर्षे लागली. १,४४१ रुग्णांच्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत दृष्टिपटलाचा विकार सुरू होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी आढळले. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या, प्रौढ वयातील मधुमेहींच्या अभ्यासातूनही त्याच दिशेचा निष्कर्ष निघाला. प्रतिबंधाचा त्यांचा आग्रह २००२ मध्ये खरा ठरला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक अमेरिकी स्त्री-पुरुषांच्या त्या अभ्यासात एका गटाला सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्यातून दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

२०१७ मध्ये ब्रिटनमधून आणखी एक निष्कर्ष आला. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ लोटलेल्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींना तीन ते पाच महिने वैद्यकीय देखरेखीखाली अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवले गेले. वर्षअखेरीस त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. इन्शुलिन घ्यावे लागणाऱ्या रुग्णांचा या प्रयोगात समावेश नव्हता.