अंकुर आणि आगकाडी : दादासाहेब फाळके यांचे घरगुती चित्रप्रयोग

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ रसिकांपुढे आला आणि तेथून भारतीय कथापटाची गणना सुरू झाली. परंतु हरिश्चंद्राच्या आधी एका वाटाण्याने दादासाहेबांची सत्त्वपरीक्षा पाहिली होती, हे चरित्रलेखनात बहुधा ओझरतेच येते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रणव्यवसाय असे अनेक उद्योग त्यांनी केले. वरकरणी विस्कळीत वाटणारा हा जीवनक्रम म्हणजे पुढील कार्याची पूर्वतयारीच होय.

गिरगावात पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावरील चित्रपटाने त्यांना झपाटले. लहानसे यंत्र, भिंग आणि मेणबत्ती यांच्या साहाय्याने ते घरातील भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. अतिश्रमाने दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत मिळताच त्यांनी विम्यावर कर्ज काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील कामकाज त्यांनी पाहिले व विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले.

आता भांडवल हवे होते; ते देणाऱ्यांचा मात्र या नव्या विद्येवर विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची राखण केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ पाहून सावकार राजी झाला. एकामागून एक स्थिर चित्र घेऊन गती निर्माण करण्याचे ॲनिमेशनचे मूलतत्त्व या कुंडीपाशीच सिद्ध झाले.

या प्रयोगशाळेत दुसरी व्यक्ती होती सरस्वतीबाई. फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणे, फिल्म धुणे आणि त्याखेरीज सर्व मंडळींचा स्वयंपाक, ही कामे त्यांनी केली; दागिनेही गहाण ठेवले. श्रेयनामावलीत त्यांना स्थान मिळाले नाही. म्हणूनच एकट्या फाळक्यांना जनक म्हणणे अपुरे वाटते.

पहिल्या महायुद्धाने पैशाचा ओघ आटला. मोठी कथा परवडत नसताना, १९१५ मध्ये फाळक्यांनी आगकाड्यांनाच पात्रे केले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडी किंचित सरकवावी, एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी, असा तो खटाटोप होता. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता, त्यामुळे फाळक्यांच्या लघुपटाचा ऋणनिर्देश सहज करता येतो. तथापि कोल यांच्यामागे चित्रनिर्मितीचा प्रस्थापित व्यवसाय होता. फाळक्यांच्या मागे होते नाशिकचे बिऱ्हाड. तुलनाकाराने प्रभावाइतकीच ही परिस्थितीही विचारात घेतली पाहिजे.

पुढे ‘लंका दहन’ (१९१७) ने यश दिले, हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली, मतभेद झाले. बोलपटाच्या युगात ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तरी आज उपलब्ध आहे, आगकाड्यांचा खेळ मात्र काळाने गिळला. पुराणकथेला वारस मिळाले. कुंडी आणि काडी यांतून गती घडविणारा गृहस्थ कलावंत मात्र आपल्या इतिहासलेखनात अजून उपराच राहिला आहे.