खिंडीपलीकडचा सायकलस्वार

फ्रान्समधील सेंट एतिएन हे शहर एकेकाळी कोळशाच्या खाणी, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी ओळखले जाई. शहराच्या दक्षिणेला रस्ता सरळ डोंगरात शिरतो आणि १,१६१ मीटर उंचीवरील 'कोल द ला रेपुब्लिक' या खिंडीतून पलीकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ईस्टरच्या सुमारास, खाली वसंत अवतरला तरी वर बर्फ असण्याच्या दिवसांत, सायकलस्वारांची एक टोळी रात्रीच्या अंधारात ही खिंड चढून प्रोव्हान्सच्या दिशेने निघत असे. तिचा म्होरक्या होता पॉल द विवी. फ्रान्स त्याला 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखतो.

२९ एप्रिल १८५३ रोजी प्रोव्हान्समधीलच पेर्न-ले-फोंतेन येथे त्याचा जन्म झाला. तरुणपणीच त्याने सेंट एतिएनमध्ये रेशमाच्या व्यापारात जम बसवला. घरी पत्नी, तीन मुले, हाती पैसा आणि वाचनाला लॅटिन अभिजात ग्रंथ, असे त्याचे सुखवस्तू जीवन होते. १८८१ साली त्याने एक सायकल विकत घेतली आणि या सुखवस्तूपणाला तडा गेला. पुढचे चाक अवाढव्य व मागचे चिमुकले अशी ती त्या काळची सायकल होती. व्यापारानिमित्त इंग्लंडला जाणे होई. तिथे कॉव्हेन्ट्रीतील सायकल-कारखाने पाहून त्याचे चित्त रेशमावरून पुरते उडाले. १८८७ मध्ये त्याने चालता धंदा विकला, इंग्लिश सायकली आयात करण्याचे दुकान थाटले आणि एक मासिक काढले. तेच पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून नावारूपाला आले. व्यवहारी माणसाला हा वेडेपणाच वाटेल. पुढे त्याने फारसा पैसा कधी कमावलाही नाही.

१८८९ मध्ये त्याने 'ला गोलवाज' नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. तिला गिअर एकच होता. अशा सायकलीवर खिंड चढताना एक तरुण, तोंडात पाईप धरून, त्याला सहज मागे टाकून गेला, अशी कथा सांगितली जाते. चढाला एक गिअर हवा आणि सपाटीला दुसरा, हे त्याच्या मनाने घेतले. प्रारंभी दोन दंतचक्रांवर साखळी हाताने बदलावी लागे. त्यासाठी प्रत्येक चढाच्या पायथ्याशी उतरायचे, बोटे काळी करायची, माथ्यावर पुन्हा तेच. चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरचा पुरस्कार त्याने नंतर आयुष्यभर केला. आज शाळकरी मुलगाही गिअरची सायकल मागतो, त्यामागे या माणसाचा हट्ट आहे, हे क्वचितच कुणाला ठाऊक असते.

त्याला विरोध झाला तोही मोठ्या माणसाकडून. 'तूर द फ्रान्स' शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याच्या मते गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय होती. पुरुषार्थ स्नायूंच्या बळावर जिंकण्यात होता. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीच्या तूर्माले खिंडीत सायकलींची परीक्षा घेतली. तेव्हा मार्त हेस या स्त्रीने गिअरच्या 'गोलवाज'वरून केलेली चढाई गाजली. देग्रांज मात्र बधला नाही.

शर्यतींचे वेलोसिओला प्रेम नव्हते. त्याचे प्रेम होते ते रात्रंदिवस चालणाऱ्या सोबतीच्या मुशाफिरीवर. खिंडीवरचे बर्फ ओलांडून गोठल्या बोटांनी ब्रेक दाबत उतरायचे. खोऱ्यात उतरले की 'मिस्त्राल' हा उत्तरेचा झोंबरा वारा पाठीशी यायचा आणि सायकली दक्षिणेकडे पळू लागायच्या. परतीच्या वाटेवर मात्र तोच वारा छातीवर घ्यावा लागे. अशा प्रवासांतून त्याचे नियम घडले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे. थंडी वाजण्यापूर्वी अंग झाकावे. थांबे थोडे आणि थोडक्यात घ्यावेत. निदान प्रवासात तरी मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी. केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये. तो स्वतः शाकाहारी होता. एस्पेरांतो या विश्वभाषेचाही त्याला ध्यास होता. भोवती जमलेल्या मंडळींना 'सेंट एतिएनचा पंथ' असेच नाव पडले. १९२२ पासून त्याच्या सन्मानार्थ त्या खिंडीची सामुदायिक चढाई सुरू झाली.

बर्फाने, वाऱ्याने, रात्रीच्या उतारांनी ज्याचे काही बिघडवले नाही, त्याला मृत्यू गाठणार होता तो गावातच. फेब्रुवारी १९३० च्या अखेरीस, वयाच्या ७६ व्या वर्षी, सेंट एतिएनच्या रस्त्यावरून सायकल हाती धरून तो पायी चालला होता. मोटार चुकवण्यासाठी मागे सरला आणि ट्रामखाली सापडला. 'तूर द फ्रान्स'मध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती त्यानंतर सात वर्षांनी, १९३७ मध्ये.

खिंडीत त्याचे स्मारक आहे. १९४७ पासून दर ईस्टरला 'फ्लेश वेलोसिओ' नावाची भ्रमंती निघते. फ्रान्सच्या निरनिराळ्या भागांतून निघालेले चमू २४ तासांत किमान ३६० किलोमीटर तोडून प्रोव्हान्सला पोहोचतात. तिथे एकट्याने येऊन चालत नाही. चमू तीन ते पाच सायकलींचा असतो, आणि निदान तिघे एकत्र पोहोचले तरच तो प्रवास पूर्ण झाल्याची नोंद होते.