डोळ्याच्या पडद्यावर उजेड पाडणारे हेल्महोल्ट्झ

हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांना ओढ होती पदार्थविज्ञानाची. पण घरची परिस्थिती बेताची. १८२१ मध्ये पॉट्सडॅम येथे जन्मलेल्या हेल्महोल्ट्झ यांचे वडील शिक्षक होते. सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याच्या अटीवर बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने वैद्यकीय शिक्षण मिळत असे. म्हणून ते डॉक्टर झाले. पदार्थविज्ञान मात्र सुटले नाही.

१८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. डोळ्याची बाहुली काळी का दिसते, याचा ते विचार करत होते. बाहुलीतून आत गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परततो. तो पाहायला आपण वाकलो, की आपलेच डोके दिव्याच्या आड येते. हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा उजेड त्यांवरून परावर्तित होऊन डोळ्यात शिरला आणि परतणारा प्रकाश काचेतून आरपार दिसला. १८५० च्या अखेरीस पुठ्ठा, भिंग आणि काचा जोडून त्यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला. जिवंत माणसाचा दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना, आता स्पष्ट पाहता येऊ लागला.

कापाकापी न करता शरीरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या थेट पाहता येतील अशी ही एक जागा. पुढच्या काही वर्षांतच व्हिएन्नातील एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलातील बदल नोंदवले. ते मधुमेहामुळेच होतात का, यावर मात्र डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ वाद राहिला.

आज मधुमेहाच्या गुंतागुंतींचे दोन गट करतात. हृदय, मेंदू आणि पायांच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे विकार एका गटात. डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे विकार दुसऱ्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गटात. डोळ्याच्या विकाराचेही टप्पे आहेत. आधी रक्तवाहिन्यांना बारीक फुगे येतात, रक्ताचे ठिपके दिसतात. हा टप्पा सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. पुढे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होऊन अचानक अंधारी येऊ शकते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते, म्हणून तिची नोंद वेगळी करतात. हे टप्पे डोळ्यात पाहूनच ठरतात आणि लेझर, इंजेक्शन की केवळ देखरेख, हे त्यावरून ठरते.

सुरुवातीला डोळा दुखत नाही, नजरही चांगली असते. त्यामुळे दिसायला त्रास होईपर्यंत थांबणे महागात पडते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, ती करून घ्यावी.

हेल्महोल्ट्झ १८७१ मध्ये बर्लिनमध्ये पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. दृष्टिपटल तपासायला आता कॅमेरे आले आहेत. पण बाहुलीतून आत उजेड टाकून परतणारा प्रकाश टिपायचा, ही मूळ युक्ती त्यांचीच आहे.