बंदूकवाले सालिम अली

मी गिरगावात राहतो. खेतवाडी आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, पण मला ती माहीत होती फक्त गणपतींमुळे. पक्षीवाले सालिम अली याच खेतवाडीत वाढले हे मला सेकंड इयरला कळलं, आणि तेसुद्धा बंदुकांबद्दल वाचताना! (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

त्याचं झालं असं, की आमच्या ग्रुपमधल्या एकाला जुन्या बंदुकांचं भयंकर वेड. अमेरिकेत जुन्या लिव्हर-ॲक्शन शिकारी रायफली बाळगणारे लोक रिकामी पितळी काडतुसं फेकत नाहीत, घरीच पुन्हा भरतात, कारण त्या मापाचा माल दुकानात सहज मिळत नाही. हे सगळं तो सबमिशनच्या आदल्या रात्री मला ऐकवत होता. नवी टोपी, मोजून दारू, वर शिसं. मी झोपेत विचारलं, जास्त सोड, कमी दारू भरायची गरज कोणाला पडते का? तर पडते. म्युझियमसाठी पक्षी गोळा करणाऱ्यांना.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. भावंडांत शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या पोरांना खेतवाडीच्या घरी वाढवलं. मामा शिकारी माणूस. भाच्याला खेळण्यातली एअरगन मिळाली आणि भाच्याने चिमण्या टिपायला सुरुवात केली. खाण्यासाठी, बरं का.

एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खायची की नाही? पोरगा मामांकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, सचिव मिलार्डसाहेबांकडे. साल १९०८. साहेबांनी ती रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला जास्त आवडली ती दुसरी.

त्याच्या साधारण एक-दोन वर्षं आधी घरच्या तबेल्यात एक मादी भोकात अंडी उबवत होती, नर बाहेर खिळ्यावर बसायचा. सालिमने घोडागाडीआड लपून नराला मारलं. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही मारलं. तिसरा आला. सात दिवसांत आठ नर! क्रूर आहे, मान्य. पण दहा वर्षांच्या पोराने हे सगळं वहीत लिहून ठेवलं, आणि कित्येक वर्षांनी ती नोंद छापली गेली.

आता थोडं आपल्या लायनीतलं. छऱ्याच्या बंदुकीत नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, आपल्या वायर गेजसारखं उलटं. बारा नंबरचा छर्रा साधारण सव्वा मिलिमीटरचा. सहा नंबरचा त्याच्या दुपटीहून थोडा मोठा. व्यास निम्मा म्हणजे वजन आठवा भाग. इतकं हलकं शिसं हवेत लगेच मंदावतं, त्यात दारूही कमी. फायदा हा की पक्षी फाटत नाही. तोटा हा की जवळ जावं लागतं, पंधरा-वीस पावलांपर्यंत. तिथपर्यंत न उडता पोहोचायचं तर तो कुठे बसतो, कधी खातो, कशाने बिचकतो हे आधी कळायला हवं. म्हणजे ज्याचं काडतूस कमजोर त्याचा अभ्यास पक्का!

पक्षी पडला की चोचीत कापूस घालायचा, नाहीतर रक्ताने पिसं खराब. मग कातडं सोडवायचं, आतून आर्सेनिक लावायचं, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. जागा, तारीख, नर की मादी. चिठ्ठी नसेल तर नमुना कचरा.

बाकी करिअर म्हणाल तर आपल्याला धीर येईल असं. गणिताशी कायमचं वैर. कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तावॉयला वुल्फ्रामच्या खाणीच्या धंद्यात गेले, परत आले. डिग्री नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेने नोकरी नाकारली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नोकरीतून रजा घेऊन १९२८ ला बर्लिनला स्ट्रेझमानकडे शिकायला गेले. परत आल्यावर हातात काहीच नाही, तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून सुगरण पक्ष्यांची घरटी मोजत बसले. मग फक्त खर्च द्या, पगार नको, असं सांगून १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा पक्षी सर्व्हे केला. पत्नी तेहमिना सोबत असायच्या. १९३९ मध्ये ऑपरेशननंतर त्या गेल्या. १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. (मोटरसायकलचाही नाद होता. १९५० साली स्वीडनमधल्या परिषदेला जाताना सनबीम बोटीवर चढवून युरोपात नेली होती! चौपन्नाव्या वर्षी!)

मला प्रश्न पडलेला की असा माणूस पक्षी वाचवणारा कसा? भरतपूरला नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४२७३ पक्षी मारले. त्याच भरतपूरसाठी सालिम अली पुढे भांडत राहिले. नमुने मारणं त्यांनी कधी लपवलं नाही आणि अनावश्यक हत्येशी त्याची सरमिसळही केली नाही. १९५९ पासून त्यांच्या देखरेखीखाली सोसायटीने जाळ्यांत पक्षी धरून पायात ॲल्युमिनियमची कडी घालून सोडायला सुरुवात केली. चिठ्ठी तीच, पक्षी मात्र जिवंत. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली. सालिम अली १९८७ मध्ये गेले. त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या आत्मचरित्राचं नावच चिमणीवरून आहे, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

मी सातवीत असताना आमच्या चाळीच्या गॅलरीतून बेचकीने एक चिमणी पाडली होती. आजी ओरडेल म्हणून कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. हे वाचल्यापासून आठवायचा प्रयत्न करतोय, ती नर होती की मादी. आठवत नाही.