दोष कोणी सिद्ध करायचा?

संगणकाच्या इतिहासात एक किडा फार प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क-२’ या गणकयंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग तंत्रज्ञांना सापडला. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि शेजारी टीप लिहून ठेवली. ही वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे. संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची चाल त्या दिवशी ग्रेस हॉपर यांनी पाडली, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ती खरी नव्हे. हा शब्द एडिसनच्या काळापासून अमेरिकी अभियंत्यांच्या तोंडी होता, आणि तो पतंगही हॉपरबाईंनी स्वतः शोधलेला नव्हता. गोष्ट मात्र त्या आयुष्यभर रंगवून सांगत, हे खरे. परंतु एवढ्या मोठ्या कर्तृत्वाची आठवण इतक्या किरकोळ प्रसंगाने राहावी, हे काही न्याय्य नाही. यंत्रात किडा शिरला तर तो दिसतो. हॉपरबाई ज्या चुकांच्या मागे लागल्या, त्या दिसत नसत.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी घरातली सात गजराची घड्याळे त्यांनी एकामागून एक उघडली, तेव्हा आईने यापुढे एकाच घड्याळाला हात लावायचा, असे बजावले. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हासार महाविद्यालयात त्या गणित शिकवत होत्या. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी नौदलात जाण्याचा हट्ट धरला. वय अधिक, वजन कमी. तरीही सवलत मिळवून त्या १९४३ साली राखीव दलात दाखल झाल्या, आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्डला हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली रुजू झाल्या. तेथील ‘मार्क-१’ हे यंत्र ५१ फूट लांब होते. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग.

या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांचे उपयुक्त तुकडे हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी आपापल्या वह्यांत टिपून ठेवत. दुसऱ्याच्या वहीतला सिद्ध तुकडा आपल्या कामात उतरवून घ्यायचा, हेच त्या काळचे ग्रंथालय. येथेच खरी मेख होती. मूळ तुकडा निर्दोष, नवी आज्ञावलीही बरोबर, पण दोहोंच्या सांध्यावर काम बिघडे. हाताने उतरवताना इंग्रजी बी या अक्षराचे तेरा होत. तुकडा नव्या जागी बसवताना प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे आणि त्या बेरजेत गणिताचे पदवीधरही हमखास चुकत. माणूस हा वाईट नकलनवीस आणि त्याहून वाईट बेरीज करणारा आहे, असा निष्कर्ष हॉपरबाईंनी काढला. त्यावर माणसांना शिस्त लावण्याचा उपाय त्यांनी सुचवला नाही. ज्या कामात यंत्र चुकत नाही, ते यंत्राकडेच सोपवावे, असे त्यांनी ठरवले. फिलाडेल्फियात युनिव्हॅक यंत्रावर काम करीत असताना १९५२ पर्यंत त्यांनी ‘ए-शून्य’ हा कंपायलर उभा केला. तुकड्याचा क्रमांक सांगितला की यंत्र स्वतःच तो चुंबकीय फितीवरून शोधून, पत्ते बदलून, योग्य जागी बसवी. संगणक आकडेमोड करील, आज्ञावली कशी लिहील, असे म्हणून अनेकांनी प्रारंभी त्याकडे दुर्लक्ष केले.

पुढचा प्रश्न भाषेचा होता. हिशेबनीस आणि कोठीवाले गणिती चिन्हांत विचार करत नाहीत, म्हणून आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत द्याव्यात, हा त्यांचा आग्रह. कल्पना पटवण्यासाठी त्यांनी एकच छोटी आज्ञावली इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये लिहून दाखवली. यंत्राला तिन्ही सारखेच, कारण शब्द हे त्याच्या लेखी केवळ खुणा. कंपनीचे व्यवस्थापक मात्र बिथरले. फिलाडेल्फियात जन्मलेल्या यंत्राला परकी भाषा यावी, हे त्यांना संशयास्पद वाटले! त्यांची समजूत घालण्यात काही महिने गेले. यातूनच ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा निघाली, आणि १९५९ साली पेंटॅगॉनमध्ये भरलेल्या बैठकीनंतर जी ‘कोबोल’ सिद्ध झाली, तिचा मोठा आधार हीच भाषा होती. कोबोल समितीने घडवली. हॉपरबाई तिच्या सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली.

प्रात्यक्षिक आणि बाजार यांत मात्र अंतर असते. प्रत्येक उत्पादकाने कोबोलची आपापली बोली काढली. एका यंत्रावर बिनचूक चालणारी आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर अडखळे, आणि दोष तुमच्या आज्ञावलीत आहे, असे म्हणून हात झटकणे विक्रेत्याला सोपे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. यंत्र बदलण्याचा खर्च जितका मोठा, तितका ग्राहक पहिल्या विक्रेत्याच्या दावणीला अधिक घट्ट बांधलेला. अशी न सापडणारी चूक ही तांत्रिक अडचण खरीच, पण ती मक्तेदारीची भिंतही असते.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने हॉपरबाईंना निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले. या काळात त्यांच्या हाताखालील मंडळींनी कंपायलर तपासणाऱ्या आज्ञावल्यांचा संच तयार केला. भाषेच्या प्रमाण नियमांपैकी एकेक घ्यायचा, त्यावर छोटी कसोटी लिहायची, आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे येते की नाही हे पाहायचे. काम रूक्ष आणि कंटाळवाणे. पण त्यामुळे वाद कोठे आहे हे नेमके दाखवता येऊ लागले. पुढे अमेरिकी संघराज्य शासनानेही आपल्या खरेदीसाठी अशी तपासणी आवश्यक ठरवली. निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार ग्राहकाच्या खांद्यावरून विक्रेत्याच्या खांद्यावर गेला. माझ्या मते हॉपरबाईंचे सर्वांत मोठे कार्य हेच. त्यांच्या चरित्रांत मात्र त्याला पतंगाइतकीही प्रसिद्धी मिळत नाही.

कोबोलचे दोष झाकण्याचे कारण नाही. ती शब्दबंबाळ आहे, आणि विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांनी तिची यथेच्छ हेटाळणी केली. वर्षाचे दोनच अंक साठवण्याची त्या काळची काटकसर शतकाच्या शेवटी जगाला महाग पडली. त्या दुरुस्तीच्या कामावर मुंबई-पुण्यासह भारतातील अनेक संगणक कंपन्यांचा परदेशी व्यवसाय वाढला, हा इतिहासाचा वेगळाच विनोद.

ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून हॉपरबाई निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून कामाला लागल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या जुन्या यंत्रणा त्या भाराखाली वाकल्या, आणि कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन खुद्द गव्हर्नरांना करावे लागले.