अलेक्सीनाला कोणी भेटलंच नाही

बाळ जन्मलं की वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत काय नि पॅरिसमध्ये काय, पहिला प्रश्न तोच: मुलगा की मुलगी? पश्चिम फ्रान्समध्ये ८ नोव्हेंबर १८३८ रोजी जन्मलेल्या एरक्युलीन बार्बाँच्या नोंदीत ‘मुलगी’ असं लिहिलं गेलं. तिला अलेक्सीना म्हणत. घरची गरिबी, शिक्षण जोगिणींच्या शाळांत झालं. अभ्यासात हुशार असल्याने पुढे ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली.

बरोबरीच्या मुलींना पाळी आली, हिला आली नाही. ओठांवर, गालांवर केस दाट होऊ लागले. ते ती कात्रीने कापत असे. शाळेच्या मुख्य बाईंच्या मुलीवर तिचं प्रेम जडलं. पोटात दुखू लागलं तेव्हा डॉक्टर आले. तपासणीत त्यांना जे उमगलं ते त्यांनी रुग्णाला सांगितलंच नाही. हिला शाळेतून दूर करा, एवढं बाईंना सुचवून ते निघून गेले. वैद्यकाला मान खाली घालायला लावणारी जागा हीच.

अखेर तिने बिशपपुढे मन मोकळं केलं. १८६० मध्ये डॉ. शेने यांनी तपासलं: मूत्रमार्ग स्त्रीसारखा, पण वृषणंही आहेत. निष्कर्ष पुरुष. कोर्टाने नोंद बदलली, नाव आबेल झालं. वर्तमानपत्रांनी विषय चघळला.

इथून पुढे ‘ती’ म्हणायचं की ‘तो’? मराठी क्रियापद लिंग विचारतंच. फ्रेंचचीही तीच अडचण. बार्बाँच्या आत्मकथनात दोन्ही रूपं येतात.

पॅरिसला काही काळ रेल्वेत नोकरी, मग बेकारी. फेब्रुवारी १८६८ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी, बार्बाँने एकाकी खोलीत आयुष्य संपवलं. मागे राहिलेलं आत्मकथन डॉ. तार्द्यू यांनी काही वर्षांनी छापलं. १९७८ मध्ये विचारवंत मिशेल फुको यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

बिशप, डॉक्टर, न्यायाधीश सगळे भेटले. आपल्यासारखं दुसरं माणूस मात्र एकही नाही.

अशा व्यक्तींना आज आंतरलिंगी म्हणतात. गर्भात गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा अवयव यांची वाढ वेगळ्या वाटेने होते, एवढंच. काही प्रकारांत बाळाला तातडीने उपचार लागतात, पण बहुतेकांत घाई नसते. तामिळनाडूने २०१९ मध्ये तान्ह्या बाळांवरच्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांवर बंदी घातली. त्याआधी, १९९३ मध्ये, अमेरिकेत आंतरलिंगी लोकांनी आपली संघटना उभारली आणि अनेकांना आपल्यासारखं माणूस पहिल्यांदा भेटलं. आता ठिकठिकाणचे असे गट ८ नोव्हेंबरला, बार्बाँच्या वाढदिवशी, एकत्र येतात.