वाल्डेमार हाफकिन : एका बाटलीची शिक्षा

डोंबिवली : रुग्णाच्या शरीरात कॅथेटर घालताना त्याच्यासोबत जंतूही आत शिरू नयेत, म्हणून आता काही कॅथेटरांवर चांदीचा किंवा प्रतिजैविकांचा लेप दिलेला असतो. उपचाराच्या साधनातूनच संसर्ग होण्याचा हा धोका जुना आहे. त्याची जबर किंमत मोजावी लागली ती परळच्या ज्या संस्थेवरून डोंबिवलीकरांची लोकल रोज धावते, तिच्या संस्थापकाला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 1892 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्याशा खोलीत काम सुरू केले. अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध झाली. 10 जानेवारी 1897 रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली.

लशीची मागणी वाढल्यावर उत्पादनाची नवी पद्धत आली आणि जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबमधील मलकोवाल गावी 107 जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांचे संचालकपद गेले.

गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब मात्र दुर्लक्षित राहिली. उरलेल्या बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे सरकारने त्यांना निर्दोष मानले. ते पुन्हा भारतात आले, पण कोलकात्यात. मुंबईतले पद परत मिळाले नाही. पुढे त्यांनी भारत सोडला.

1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. 1930 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. लस कितीही शुद्ध असली तरी ती देणारे हात आणि साधने तितकीच शुद्ध असावी लागतात, हा मलकोवालचा धडा प्रत्येक रुग्णखाटेपाशी आजही तितकाच खरा आहे.